शिकवणीची फेरी

पोफळीत सूर्य उशिरा येतो. पूर्वेला सह्याद्रीची भिंत सरळ उभी आहे. तिच्या पलीकडे, वर देशावर, सकाळ होऊन तासभर लोटला तरी खाली घाटाच्या पायथ्याशी निळसर सावलीच असते. उजेड प्रथम दिसतो तो पाठीमागे, पश्चिमेच्या टेकड्यांच्या माथ्यावर. तिथे एक फिकट केशरी रेघ उमटते, जणू सकाळ दुसऱ्याच कुठल्या गावाला देऊन टाकली आहे. मग ती रेघ सावकाश उतरू लागते. आधी कातळ, मग काजूची झाडे, मग एखाद्या घराची कौले, मग वाशिष्ठीचे पात्र आणि त्यावर रेंगाळणारे धुके. नदी ओलांडायला तिला बराच वेळ लागतो. नदीनंतर रस्ता, रस्त्याकडेचे ऐनाचे झाड, वर्कशॉपचे पत्रे, पत्र्यांच्या भोकांतून जमिनीवर पडणाऱ्या रुपयाएवढ्या चकत्या. आणि साडेआठच्या सुमारास, पौषात थोडा उशिराच, तो उजेड भूषण चाळकेच्या बाकावर येऊन टेकतो. त्यात विशेष काहीच नसते. पण भूषण रोज त्याची वाट पाहत असे, कारण गिअरबॉक्सच्या तेलाचा खरा रंग दिव्याखाली कळत नाही. चांगल्या तेलाचा लाल आणि जळू लागलेल्या तेलाचा तपकिरी यांतला फरक उन्हातच दिसतो. खऱ्या रंगाची त्याला ओढ होती, किंवा तशी ती आहे असे त्याला वाटत असे.

त्या दिवशी उजेड अजून नदीवरच होता, तेव्हा त्याला घाट उतरणारा ताईचा ट्रक ऐकू आला. शेवटच्या वळणावर चौथ्यावरून तिसऱ्या गिअरवर येताना त्या ट्रकने दिलेला आवाज त्याने नीट ऐकला. कोणीतरी बंद दारावर एकदाच, पण खांद्याने धडक द्यावी तसा.

महिन्याभरात हा ट्रक चौथ्यांदा येत होता.

"घे तुझा लाडका बॉक्स," सुगंधाताई खाली उडी मारत म्हणाली. ती त्याची थोरली बहीण, आठ वर्षांनी मोठी, सदतिशीची. जांभ्याचे चिरे कराडला न्यायचे आणि येताना गूळ आणायचा, ही तिची अठरा वर्षांची वहिवाट. "कराडचा बिल्डर म्हणतो, बाई, चिरे आणता की खडी? अर्ध्या चिऱ्यांचे कोपरे उडाले. झटका मारतोय म्हणजे काय, मला दात धरून बसावं लागतं."

"तिसरा-चौथाच ना?"

"आता पाचव्यालाही. आणि हे बघ." तिने चौकडीच्या सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. "परिवहन खात्याचं प्रेमपत्र."

भूषणने कागद उजेडाकडे धरला. तीन तारखा होत्या, तीन आकडे होते: एकतीस, तेहतीस, एकतीस. मर्यादा वीसची. चालक सुगंधा चाळके यांचा अवजड वाहनाचा परवाना स्थगित करण्यात येत आहे. त्यांनी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, आणि दुरुस्ती करणाऱ्या वर्कशॉपने आठ दिवसांत आपला अहवाल द्यावा. अहवाल न आल्यास परवाना कायमचा रद्द होईल.

"आठ दिवस," ताई म्हणाली. "शोध काय ते. तू शोधशील."

त्याने नुसताच कागद पुन्हा घडीत मिटला. बोलणे त्याला एरवीही जड जाई.

गिअर बदलणे म्हणजे एका क्लचने हात सोडणे आणि दुसऱ्याने तो धरणे. ऑटोमॅटिक ट्रकात हे काम माणूस करीत नाही. तेलाचा दाब करतो. दुसऱ्याने हात लवकर धरला तर दोघे एकमेकांशी झगडतात, उशिरा धरला तर मधल्या क्षणी इंजिन मोकळे पळते. दोन्ही वेळा चालकाला धक्का बसतो. म्हणून गिअरबॉक्सचा संगणक विजेच्या झडपांनी, म्हणजे सोलेनॉइडनी, प्रत्येक क्लचचे तेल सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतो आणि प्लेट झिजत जातील तसे ते माप बदलतो. इतके जुन्या ट्रकांतही होते. पुढे इंजिने बदलली, डिझेलच्या जागी हायड्रोजन जळू लागला. पण घाटाला गिअर लागतातच, आणि नवे गिअरबॉक्स आणखी एक गोष्ट शिकले. ते चालकाचा पाय शिकले. पेडल सेकंदातून हजार वेळा कुठे आहे ते पाहून, पुढच्या अर्ध्या सेकंदात हा पाय काय करील याचा ते अंदाज बांधीत आणि तेल आधीच पाठवून ठेवीत. असा ट्रक चढाला लागला की लोण्यातून सुरी जावी तसा वर जाई.

मग कोणाच्या तरी लक्षात आले, की काही चालकांच्या बाबतीत हा अंदाज चुकू लागतो. गिअरबॉक्स निर्दोष असतो, पण पाय ओळखू येईनासा होतो. मेंदूच्या ज्या भागातून हालचालीला लय मिळते तो झिजू लागला, की पावलात अतिशय बारीक अडखळ येते. ती डोळ्यांना दिसत नाही. त्या माणसालाही जाणवत नाही. डॉक्टरला जे पाच-सात वर्षांनी दिसले असते, ते गिअरबॉक्सला आज कळते. पायाला धरसोडीचा एक आकडा मिळाला आणि त्या आकड्याचा कायदा झाला. दुरुस्तीनंतर गिअरबॉक्सची स्मृती पुसली, की तो कोरा झालेला बॉक्स घाटातून एकदा चढवून उतरवायचा. त्या पहिल्या फेरीला चालक शिकवणी म्हणत. शिकवणीतला आकडाच खाते ग्राह्य धरी, कारण त्या वेळी पाटी कोरी असते आणि दोष जुन्या सवयीवर ढकलता येत नाही. कोणाची शिकवणी आहे, हे डॅशबोर्डमध्ये खोचलेल्या चालकाच्या कार्डावरून ठरे.

चाळक्यांच्या घरी या आकड्याला दुसरा अर्थ होता. त्यांचे वडील वीजगृहात फिटर होते. चाळिशीच्या आत त्यांचे हात नाचू लागले, पाय नाचू लागले, आणि लोक म्हणाले, चाळके पितो. ते पीत नव्हते. त्यांना हंटिंग्टनचा आजार होता. ते गेले तेव्हा भूषण अकरा वर्षांचा होता. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले होते, की मुलांना होण्याची शक्यता निम्मी. रक्ताच्या तपासणीत आजच कळेल. एकोणीस वर्षांची सुगंधा म्हणाली होती, "कळून काय करायचं? पार्ट थोडाच बदलून मिळणार आहे?" आणि तिने ट्रक चालवायला घेतला. दोघांनीही तपासणी केली नाही. त्या विषयावर घरात पुन्हा कोणी बोलले नाही.

तिसऱ्या दिवसापर्यंत गिअरबॉक्स पूर्ण खोलून झाला होता. भूषण आणि वर्कशॉपचे मालक दाऊदभाई परकार बाकापाशी उभे होते. दाऊदभाई सत्तरीचे, कान अधू झाले होते, पण गिअरबॉक्सवर तळहात ठेवून ते आवाज ऐकत.

"तेल?"

"लाल. वास नाही."

"पॅनमधलं लोहचुंबक?"

"स्वच्छ. थोडी पूड, नेहमीची."

"दाब?"

"दहाही गिअरला बरोबर. इंजिनची माउंटिंगं पाहिली, शाफ्टचे क्रॉस पाहिले. सोलेनॉइड सगळे मोजले."

"पहिल्या खेपेला काय मिळालं होतं?"

"दाबाचा एक सोलेनॉइड अडकत होता. बदलला."

"म्हणजे दोष होता तो तेव्हाच गेला," दाऊदभाई म्हणाले. "मग हे काय आहे? अल्ला शप्पथ, गाडी खोटं बोलत नाही. खोटं बोलतो माणूस, नाहीतर सैल कनेक्टर." ते स्वतःच्या विनोदावर हसले, मग थांबले. "मी मुंब्र्याला लेकीकडे होतो तेव्हा शिकवणी कोणी केली?"

"ताईनंच."

"बरं. ज्याची गाडी त्याचाच पाय. हा इथला कायदा, खात्याच्याही आधीचा."

भूषण व्हॉल्व्ह बॉडीतल्या लहान पोलादी गोळ्या चिमट्याने जागेवर ठेवीत होता. सहावी गोळी सुटली, बाकावरून खाली गेली आणि टणटणत कुठेतरी हरवली.

"थंडी आहे," भूषण म्हणाला.

दाऊदभाईंनी त्याच्याकडे पाहिले. त्या वेळी ऊन त्याच्या दोन्ही मनगटांवर पडले होते.

खोटे त्याने का सांगितले, हे त्याच्यापाशी स्पष्ट होते. निदान तो तसे समजत होता. दुरुस्तीनंतर पहिल्या दिवशी ताई घरी झोपली होती; रात्रभर कराडहून चालवत आली होती. तिचे कार्ड डॅशबोर्डमध्येच होते. शिकवणीला तिला उठवायचे म्हणजे तिचा पाय त्या यंत्रापुढे ठेवायचा. आणि जर आकडा वर गेला तर? तिचे वय बाबांच्या त्या वयाच्या जवळ येत चालले होते. त्याने विचार केला: आपला पाय तरुण आहे, निर्धास्त आहे, आपण फेरी करावी, आकडा खाली राहील आणि ती आणखी काही वर्षे चालवील. तो कार्डाला हात न लावता ट्रक घाटात घेऊन गेला. उतरून आला तेव्हा त्याला फार दिवसांनी स्वतःविषयी बरे वाटले होते. एखाद्याला न सांगता त्याच्या अंगावर पांघरूण घालावे तसे. आठवड्याने ट्रक झटके देत परत आला. त्याने सुटे भाग धुतले, स्मृती पुसली, पुन्हा फेरी केली. मग तिसऱ्यांदा. बॉक्स निरोगी पाय शिकतो आणि ताईचा आजारी पाय त्याला ओळखू येत नाही, असा अर्थ त्याने लावला. तो अर्थ भयंकर होता. तरीही तो त्याला सोसवत होता, कारण त्यात घाबरायचे ते ताईसाठी होते.

त्याच्या अर्थात एक भोक होते. खात्याकडे गेलेले आकडे शिकवणीचे होते, ताईचे नव्हते. कागद हातात आल्यापासून हे भोक त्याच्यासमोर होते. तो त्याच्याकडे पाहत नव्हता, इतकेच.

पाचव्या दिवशी चिपळूणला ताईची तपासणी झाली. एका अंधाऱ्या खोलीत नकली सीट, नकली पेडल, समोर पडद्यावर घाट. एक तास. भूषण बाहेरच्या बाकावर बसून होता. शेजारी पाय पसरून बसलेला एक म्हातारा चालक त्याला म्हणाला, "पाय हलवू नका हो, बाक हलतंय." भूषणने माफी मागितली आणि पाय आखडून घेतला.

डॉ. लेले पन्नाशीच्या, थकलेल्या आवाजाच्या होत्या. त्यांनी दोघांना आत बोलावले.

"सहा," त्या म्हणाल्या. "मर्यादा वीसची, तुमचा आकडा सहा. पंचविशीतल्या मुलांचा नसतो असा."

ताई हसली. "चिऱ्यांनी घडवलाय, डॉक्टर."

"पण अडचण आहे. इथली एक तासाची चाचणी आणि रस्त्यावरच्या तीन फेऱ्या, यांत खातं रस्ता मानतं. एक तास माणूस स्वतःला सावरू शकतो, असा अनुभव आहे." त्यांनी चष्मा काढला. "या तीन फेऱ्यांचा आलेख मी पाहिला. गिअरबॉक्स बिघडला तर आलेख असा दिसत नाही. हा पायच आहे. आणि, स्पष्ट सांगते, तो पाय तुमचा वाटत नाही."

खोलीत पंखा फिरत होता.

"वर्कशॉपच्या अर्जात एक प्रश्न आहे," डॉक्टर भूषणकडे वळल्या. "नोंदलेल्या फेऱ्यांत वाहन कोणी चालवले? त्याचं उत्तर तुम्ही द्यायचंय. तिथे दुसरं नाव असेल तर यांचा परवाना दुसऱ्या दिवशी परत मिळेल. ज्याचं नाव असेल, त्याला मात्र माझ्याकडे यावं लागेल."

"ताईनंच चालवला," भूषण म्हणाला.

ताईने त्याच्याकडे पाहिले नाही. तिने पदर सारखा केल्यासारखा ओढणीचा काठ सारखा केला. "होय," ती म्हणाली. "मीच."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी डोळे मिटून बसली होती. भूषणला वाटले, तिला झोप लागली आहे.

त्यानंतरचे दोन दिवस त्याने गिअरबॉक्समध्ये दोष शोधण्यात घालवले. तो शोधत होता की मागत होता, हे सांगणे अवघड होते. क्लचच्या प्लेटा त्याने मायक्रोमीटरने मोजल्या. वायरिंगचा प्रत्येक जोड हलवून पाहिला. सैल कनेक्टर होता असे लिहून टाकावे, असे मनात येऊन गेले. पण खोटा दोष लिहिला तर खाते बॉक्स उचलून नेणार, तपासणार, आणि दाऊदभाईंच्या वर्कशॉपला टाळे लागणार. संध्याकाळी त्याने अर्ज भरायला घेतला, आणि अक्षर वेडेवाकडे आले म्हणून पेन फेकून दिले. त्या महिन्यात त्याने फेकलेले ते चौथे पेन होते.

आठव्या दिवशी दाऊदभाई म्हणाले, "बसवलास ना बॉक्स? आज तिलाच शिकवू दे. दुरुस्तीच्या फेरीपुरती परवानगी मी खात्याकडून फोनवर घेतली आहे. तू शेजारी बस, आणि तोंड बंद ठेव."

"ते एरवीही बंदच असतं," ताई म्हणाली.

दहा टन चिरे भरून ट्रक कुंभार्लीच्या चढाला लागला. पहिली दोन वळणे कोरा बॉक्स चाचपडला. नंतर तो शिकू लागला. भूषणने डोळे मिटले आणि फक्त ऐकले. तिसरा गेला, चौथा आला. मधली फट कळली नाही. पाचवा. वळणावर पुन्हा चौथा. कुठे धडक नाही, कुठे ओढाताण नाही. इंजिनचा सूर फक्त वरखाली होत राहिला, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. त्याने इतकी वर्षे दुरुस्त केलेल्या गिअरबॉक्सांत इतका सुंदर चाललेला बॉक्स ऐकला नव्हता. त्याला आनंद व्हायला हवा होता. ताईचा पाय निरोगी होता. ती वाचली होती, निदान आजच्या दिवसापुरती. मनात एक वेडे गणितही येऊन गेले, की निम्मी शक्यता म्हणजे दोघांत एक, आणि एकाने घेतले म्हणजे दुसरा सुटला. गणित तसे नसते, हे त्याला माहीत होते. प्रत्येकाचे नाणे वेगळे उडवलेले असते.

घाटमाथ्यावर तिने ट्रक बाजूला घेतला. समोर देश पसरला होता. इथे ऊन केव्हाचे पांढरे होऊन गेले होते.

"मी उतरवू खाली?" त्याने विचारले.

"नको."

ती फार लवकर म्हणाली. मग ते तिलाही कळले. "थंडीत उगाच कशाला," ती म्हणाली. "बस तू."

तो तिच्याकडे वळला. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"काय?"

"ताई."

तिने हँडब्रेक नीट लागला आहे की नाही ते पुन्हा पाहिले. "गणपतीत. जेवायला बसला होतास. तुझं पाऊल हलत होतं, पाटाच्या कडेला. बाबांचं हलायचं तसं. म्हटलं, मुंग्या आल्या असतील. मुंग्याच असू देत म्हटलं." ती थांबली. "आणि नोटिशीतल्या तिन्ही तारखांना मी घरी झोपले होते रे. तू म्हणायचास, नुसती ट्रायल घेतली. मला काय ट्रायल आणि शिकवणी यांतला फरक कळत नाही?"

"मग डॉक्टरांसमोर बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माझं लायसन्स द्या आणि भावाला घ्या, असं?"

एक ट्रक भोंगा वाजवत बाजूने खाली गेला.

"मला वाटलं, तुझाच पाय..." त्याने वाक्य सोडून दिले.

"माहीत आहे मला, तुला काय वाटलं ते. म्हणून तर रागावता येत नाही." तिने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "ऐक. काही लिहू नकोस. आज दिवस संपेल, लायसन्स जाईल. जाऊ दे. खाणीवर मुकादम हवा आहे, ते मला ओळखतात. तू तपासायला जाऊ नकोस. जितके दिवस नाही कळलं, तितके आपले."

"तुला गाडी चालवल्याशिवाय झोप येत नाही."

"येईल. माणसाला कशाचीही सवय होते."

"मला नाही झाली," तो म्हणाला.

तिने तोंड फिरवले. खांदे हलत होते की नाही हे त्याने पाहिले नाही. पाहिले असते तर पुढचे त्याच्याने झाले नसते. त्याने डॅशबोर्डवरचा अर्ज मांडीवर घेतला. आपल्याकडे किती वर्षे आहेत, हा विचार त्याने मनात येऊ दिला आणि तो कुठेच पोहोचला नाही. बरे होण्याचा उपाय अजून नव्हता. आजार आणखी लवकर, आणखी अचूक ओळखणारी यंत्रे तेवढी दरवर्षी निघत होती. तो वर्कशॉपमध्ये आणखी दोन वर्षे असेल, कदाचित तीन. मग गोळ्या चिमट्यातून रोज सुटू लागतील, आणि ताई कराडहून रात्रभर चालवत येऊन त्याला भरवील, बाबांना भरवायची तशी.

"लिहू नको रे," ती खिडकीकडे पाहत म्हणाली. "भूषण."

पेन त्याने मुठीत धरले, लहान मूल धरते तसे, कारण तसे धरले की अक्षर थोडे कमी हलत असे. प्रत्येक अक्षर सुटे काढत त्याने रकाना भरला.

गिअरबॉक्समध्ये दोष नाही. तिन्ही फेऱ्या मी चालवल्या. पाय माझा होता.